शेठ थेट ऑपरेटरला काम सांगतात, मग मी सुपरवायझर कशाला?

सॉफ्ट_जॉ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये आहे. आधी सीएनसी ऑपरेटर, मग सेटर, असं नऊ वर्षं केलं. दिवाळीनंतर शेठनी केबिनमध्ये बोलावलं, म्हणाले उद्यापासून तू सुपरवायझर. पगार चार हजारांनी वाढला आणि ओव्हरटाइम बंद झाला, म्हणजे हिशोब केला तर हातात आधीपेक्षा कमीच पडतात, पण ते जाऊ दे, आईला बरं वाटलं. दोन पाळ्या मिळून ३४ माणसं.

आता प्रॉब्लेम. मागच्या मंगळवारी मशीन ४ वर ३०० चा लॉट चालू होता, बेअरिंग हाउसिंग, ६२ चा बोअर. १४० झाले होते. चारच्या सुमारास शेठ कानाला फोन लावूनच शॉपमध्ये आले आणि ऑपरेटरला म्हणाले हे उतरव, फ्लँज लाव, सहाला गाडी आहे. मी तेव्हा स्टोअरमध्ये इन्सर्टचा हिशोब करत होतो. पोरानी सॉफ्ट जॉ (चकमध्ये जॉब धरणारे मऊ तुकडे) काढले, फ्लँजचे लावले, गाडी गेली, शेठ खूश. रात्रपाळीवाला आला, त्याला वाटलं जुने जॉ लावले की सेटअप तोच, कोणी कधी काढले घातले त्याला काय माहीत, त्यानी जुने जॉ परत चढवले आणि ते बोअर न करताच, म्हणजे जागेवर हलका कट मारून परत मध्यावर न आणताच, हाउसिंग चालू केलं. ज्यांना माहितीये त्यांना कळलं असेल पुढे काय झालं. रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासून हलणं, ८० मायक्रॉन, ड्रॉइंगला चालतं २०. सकाळी ३७ कास्टिंग भंगारात.

आणि शेठ मला सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं लक्ष कुठे असतं?

ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणे, दादा, शेठ स्वतः बोलले तर मी नाही कसं म्हणू. बरोबरच आहे त्याचं. पण तेव्हापासून मी काही सांगितलं की पोरं आधी केबिनकडे बघतात आणि मग हलतात.

संध्याकाळचा डिप्लोमा करतोय, त्यात मॅनेजमेंटचा पेपर आहे, पहिलाच धडा व्यवस्थापनाची तत्त्वं. सर १४ तत्त्वं डिक्टेट करतात, आम्ही लिहितो. पेपरात लिहायला ठीक आहे हो, पण शॉपमध्ये याचा खरंच काही उपयोग असतो का? कुणी अनुभव सांगा.

आगाऊ_कार्टं
शेठचा गाळा, शेठचं मशीन, शेठचे पैसे. तुम्ही कोण? हलके घ्या.

फळ्यावरचा_खडू
तुमच्या त्या सरांच्या जमातीतलाच मी, बावीस वर्षं हाच विषय शिकवतोय, त्यामुळे डिक्टेशनचा टोमणा मला लागला आणि तो योग्यही आहे.

ती १४ तत्त्वं ज्या हेन्री फेयॉलची, तो प्राध्यापक नव्हता, फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीतला इंजिनियर होता. १८६० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खाणीवर नोकरीला लागला. १८८८ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात असताना त्याला प्रमुख केलं आणि १९१८ पर्यंत त्यानी ती चालवली, नुसती चालवली नाही तर धडधाकट करून सोडली. आपल्याला जे पाठ करायला लागतं ते त्यानी १९१६ मध्ये, पंच्याहत्तरीला आल्यावर लिहिलं. म्हणजे हा निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा अनुभव आहे, खोलीत बसून काढलेला नियम नाही. पुस्तकात येईपर्यंत त्यातली खाण गेली आणि मुद्दे राहिले, त्याला तो तरी काय करणार.

आता तुमची केस. "आदेशातील एकवाक्यता" असं बारावी कॉमर्सला सुद्धा लिहून घेतात, एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून हुकूम. पण त्याखाली त्यानी पुढे जे लिहिलंय ते कोणी शिकवत नाही. तो म्हणतो, वेळ वाचेल म्हणून, किंवा आपलं म्हणणं नीट पोचेल म्हणून, मोठा साहेब मधल्याला ओलांडून थेट खालच्याला सांगतो. एकदा झालं तर झालं. वारंवार झालं की खालचा माणूस घुटमळायला लागतो, मधला चिडतो आणि कामात गोंधळ होतो. "पोरं आधी केबिनकडे बघतात" हे तुम्ही लिहिलंत ना, ते त्याचं घुटमळणं.

अजून एक गोष्ट त्याचीच, ही मी वर्गात नेहमी सांगतो. १८६१ मध्ये हा नवीन असताना खाणीत एका घोड्याचा पाय मोडला. तेव्हा खाणीत गाड्या घोडे ओढायचे. यानी दुसरा घोडा द्या म्हणून चिठ्ठी लिहून पाठवली. तबेलेवाला म्हणाला, यावर मोठ्या साहेबांची सही नाही, घोडा मिळणार नाही. मोठे साहेब गावाला गेलेले आणि त्यांच्या जागी कोण हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. काम ठप्प. पोरानी वहीत लिहून ठेवलं की साहेब नसला तरी साहेबाचा अधिकार जागेवर हजर पाहिजे.

आइंडहोव्हनकर
खडू सर, तत्त्व छान आहे पण इथे नेदरलँड्समध्ये आमच्या ऑफिसात मला अधिकृतपणे दोन साहेब आहेत, एक प्रोजेक्टचा आणि एक डिपार्टमेंटचा, आणि याला मॅट्रिक्स असं भारदस्त नाव आहे. अप्रेझल एक करतो, काम दुसरा देतो, सुट्टी मागायची तर दोघांना. जग चाललंय की.

आणि ही काही आजची फॅशन नाही. फेयॉलच्याच काळात अमेरिकेत टेलर होता, स्टॉपवॉचवाला. त्यानी तर एका कामगारावर आठ फोरमन सुचवले होते, चार प्लॅनिंगच्या खोलीत आणि चार शॉपमध्ये, एक स्पीड बघणार, एक तपासणार, एक दुरुस्तीचा वगैरे, प्रत्येक जण आपापल्या विषयातला. म्हणजे दोन्ही एकाच धड्यात शेजारी शेजारी शिकवतात आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

फळ्यावरचा_खडू
विचारत नाही हे खरं, पण फेयॉलनी स्वतः तो मुद्दा काढला होता. टेलरचं बाकी कौतुक करून आठ फोरमनवर मात्र तो अडला. एवढ्या जणांचं एका माणसानी ऐकायचं कसं, तज्ज्ञ हवेत तर फोरमनच्या मदतीला द्या, त्याच्या डोक्यावर बसवू नका असं त्याचं म्हणणं.

वॉर्ड_नंबर_सहा
मी स्टाफ नर्स, आता वॉर्ड इन्चार्ज. आम्हाला जन्मभर दोन साहेब असतात. औषध-इंजेक्शन-ड्रेसिंग डॉक्टरच्या ऑर्डरनी, ड्यूटी-रजा-कोणता वॉर्ड हे मेट्रनच्या. कोणता विषय कोणाचा हे ठरलेलं असतं म्हणून चालतं. भांडण होतं ते कुठे, तर डॉक्टर म्हणतात ही सिस्टर मला ओटीला द्या आणि मेट्रननी तिला नाइट लावलेली असते. म्हणजे दोन साहेब असणं हा त्रास नाहीच मुळी, एकाच गोष्टीवर दोघांनी बोट ठेवलं की त्रास.

दुसरं म्हणजे तोंडी ऑर्डर. रात्री दोनला डॉक्टर फोनवर सांगतात अमुक इंजेक्शन द्या. आम्ही ते लिहितो, त्यांना परत वाचून दाखवतो, मग देतो, आणि ते राऊंडला आले की शीटवर त्यांची सही घेतो. न लिहिता दिलं आणि पेशंटला काही झालं तर "मी असं म्हणालोच नव्हतो" हे ठरलेलं वाक्य आहे. दादा, तुमच्या शेठनी जे सांगितलं ते कुठे लिहिलेलं होतं का? रात्रपाळीच्या माणसाला हँडओव्हर काय मिळाला? मला तर ३७ तुकडे तिथे गेलेले दिसतात.

सॉफ्ट_जॉ
ताई, हँडओव्हर म्हणजे कपडे बदलता बदलता "चालू आहे, बघ" एवढंच. खरंय तुमचं.

साचेखातं
सगळे एकच साहेब हवा म्हणताय म्हणून जरा दुसरी बाजू. माझे वडील परळला मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तिथे एकच साहेब होता, जॉबर. कामाला लावणारा तो, साचा (माग) कोणता द्यायचा तो ठरवणार, रजा त्याच्याकडे, बदलीवाल्यांना (गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्यांना) सकाळी गेटवर उभं करून तू आत ये तू घरी जा म्हणणाराही तोच. बऱ्याचदा गाववालाच, खोलीत राहायची सोय पण त्यानीच केलेली. वरच्या मास्तरला माणसाचं नाव माहीत नसायचं. फेयॉलचं तत्त्व अगदी शंभर टक्के पाळलेलं. आणि म्हणूनच दस्तुरी द्यावी लागायची, पगाराच्या दिवशी त्याच्या हातावर काहीतरी टेकवावं लागायचं, नाही दिलं तर खराब सूत असलेला साचा. तक्रार कुणाकडे करणार, मधला दरवाजा एकच आणि त्यात तोच उभा.

हे आजोबांच्या वेळेपासूनचं आहे. १९३१ च्या कामगारांवरच्या रॉयल कमिशननी सुद्धा जॉबरच्या हातातून भरती काढा म्हणून सांगितलं होतं. मग लेबर ऑफिसर आले, १९३५ च्या सुमाराला बदलीवाल्यांना कार्डं मिळाली, तेव्हा त्याचा जोर जरा कमी झाला. संपला नाही.

तेव्हा सॉफ्ट_जॉ भाऊ, शेठनी उद्यापासून पोरांशी बोलायचंच नाही असं काही करून बसू नका. पोरांना तुमच्याबद्दल शेठकडे जाता आलं पाहिजे. हुकूम एका वाटेनी यावा, पण गाऱ्हाण्याला दुसरी वाट पाहिजे.

गडकोट_भटक्या
साचेखातं यांच्याशी सहमत आणि यावर आपल्याकडे उत्तर आहे. सभासद बखरीत शिवकाळातल्या गडांची व्यवस्था दिलीये, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे सारख्या दर्जाचे, तिघांनी मिळून कारभार करायचा. एकाच्या हाती गड नाही. एक जण फितूर झाला तरी गड जात नाही.

आगाऊ_कार्टं
आले. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. या संस्थळावर पोह्यांच्या पाककृतीचा धागा पण शेवटी गडावरच जातो.

गडकोट_भटक्या
जाऊ दे की, चांगल्या ठिकाणीच जातोय. पण टिंगल बाजूला ठेवून बघा, तिघं असले तरी कामं एकमेकांत घुसलेली नव्हती. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशोब सबनीसाकडे, पहाऱ्याचं सरनोबत बघणार, शिवाय धान्याचा साठा कारखानिसाकडे. वॉर्ड_नंबर_सहा ताईंनी जे सांगितलं तेच.

फळ्यावरचा_खडू
चांगला मुद्दा, फक्त एक. ती रचना गड हातचा जाऊ नये म्हणून आहे, काम पटकन व्हावं म्हणून नाही. जिथे विश्वासघाताची भीती मोठी तिथे अधिकार वाटतात, जिथे घाई मोठी तिथे एकाकडे देतात. सहाच्या गाडीला फ्लँज द्यायचेत तिथे तिघांची मसलत बसवली तर गाडी रिकामी जाईल.

गाळा_नंबर_बारा
इथे सगळे नोकरीवालेच दिसतायत म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. मी तो शेठ. म्हणजे यांचा नाही, पण माझाही अकरा मशीनचा शॉप आहे.

का सांगतो आम्ही थेट? ऐका. कस्टमरचा फोन येतो, मटेरियल सहापर्यंत आलं नाही तर लाइन बंद आणि डेबिट नोट तुमच्या नावानी. माझं डोकं त्या क्षणी सुपरवायझर कुठाय हे शोधत नाही. मी स्वतः लेथवर काम करून वर आलोय, कोणत्या मशीनवर काय चढलंय मला झोपेत पण सांगता येतं, चाळीस पावलं चालून मी सांगून मोकळा होतो. आणि खरं सांगू का, सुपरवायझर बघावं तेव्हा स्टोअरमध्ये असतो. तुम्ही पण होतात, स्वतःच लिहिलंय.

पण तुमचं वाचून एका ठिकाणी मला टोचलं. मी सुद्धा मागच्या वर्षी असाच एक लॉट मधेच उतरवायला लावला होता आणि नंतर रिजेक्शन आल्यावर सुपरवायझरला झापला होता. लॉट मधे तोडला की परत सेटिंगला काय लागतं हे त्याला माहीत होतं, मी घाईत विसरलो होतो, आणि त्याला विचारलंच नव्हतं. सांगायची सोय पण नव्हती, मी तोपर्यंत गाडीत बसलो होतो.

शेठला तत्त्वं सांगू नका. ३७ कास्टिंग गुणिले रेट, अधिक मशीनचे तास, एका कागदावर लिहा आणि एकटे असताना समोर ठेवा. पोरांसमोर नको, आणि महिनाअखेरीला तर अजिबात नको.

हजेरीपट
गाळा_नंबर_बारा, टाळ्या. एवढं स्वच्छ कोणी लिहीत नाही.

मी एचआरला आहे, अजून एक बघा. तुम्हाला सुपरवायझर केलं तेव्हा नेमकं काय दिलं? मशीनवर कोणता जॉब आधी लागणार हे तुम्ही ठरवू शकता का? लॉट मधे तोडायला नाही म्हणू शकता का? रिजेक्शनचा जाब तुम्हाला आणि निर्णय दुसऱ्याचा असेल तर ते पद नाही, शिव्या झेलायची जाळी आहे. त्या १४ मध्येच दुसरं तत्त्व आहे बघा, अधिकार आणि जबाबदारी बरोबरीनी. आमच्या इंडस्ट्रीत चांगल्या ऑपरेटरला उचलून सुपरवायझर करतात, त्याचा हात मशीनवरून जातो आणि त्या बदल्यात हातात काहीच येत नाही. आधी नऊ वर्षांचा सेटर होता, आता नवा सुपरवायझर आहे, शॉपचं दोन्हीकडून नुकसान.

आणि ३४ माणसं तुम्ही एकट्यानी बघू नका. रात्रपाळीला तुम्ही नसताच, मग तिथे कोण?

आगाऊ_कार्टं
आता थोडं सिरियसली. शेठशी बोलून झालं तरी पोरांचं बघा. शिकागोजवळ हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा जणांचा एक ग्रुप वेगळा बसवून बघितला होता, टेलिफोन एक्स्चेंजचं वायरिंग करणारे. त्यांचा आपसात ठरलेला आकडा होता, दिवसाला एवढंच काम. जास्त केलं तर कामाचा रेट कापतील, कमी केलं तर साहेब ओरडतील. कोणी पुढे पळायला लागला की शेजारचा दंडावर एक गुद्दा द्यायचा. साहेब कागदावर कोणीही असो, शॉप चालायचा त्या गुद्द्यावर. तुम्ही परवापर्यंत त्या गुद्दे देणाऱ्यांतलेच होतात, खरं की नाही?

सॉफ्ट_जॉ
खरं आहे. आमच्यात गुद्दा नाही, चहाला बोलवायचं बंद करतात. मला पण बंद केलंय पहिल्या आठवड्यापासून.

मंडळी खूप खूप आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. कागद केला आणि शनिवारी जेवणाच्या सुट्टीत शेठसमोर ठेवला. आधी म्हणाले मला हिशोब शिकवतो का. मग चष्मा लावून दोनदा वाचला. शेवटी ठरलं असं, प्रत्येक मशीनला एक छोटा फळा. कोणता जॉब, किती झाले, मधे काढला असेल तर काय काय काढलं, आणि परत लावताना जॉ बोअर करायचे की नाही. जॉब बदलायचा असेल तर शेठ मला फोन करणार, मी फळ्यावर लिहून सही करणार, सही नसेल तर ऑपरेटरनी बदलायचा नाही. आणि पोरांना काही बोलायचं असेल तर शेठची केबिन उघडी, त्यात मी पडणार नाही (साचेखातं काका, हे तुमचं). बघू किती दिवस टिकतं.

सॉफ्ट_जॉ
तीन आठवड्यांनी अपडेट. धागा वर काढतोय, माफी असावी.

फळा चालला. शेठ दोनदा विसरले, दोन्ही वेळा ऑपरेटर फळ्याकडे बोट दाखवून नुसता उभा राहिला. दुसऱ्यांदा शेठ स्वतःच हसले. हाउसिंगचा पुढचा लॉट दोनदा मधे तोडला, रिजेक्शन ३७ वरून २, आणि ते दोन कास्टिंगमधल्या ब्लो होलचे, आपले नाहीत.

आणि आता ऐका. परवा गावची जत्रा होती म्हणून दोन दिवस सुट्टी टाकून गावी गेलो. पालखी देवळाच्या पायरीला आली आणि फोन वाजला. शेठ. अर्जंट जॉब आलाय, मशीन ४ रिकामं आहे, आणि ऑपरेटर म्हणतोय दादांची सही नाही, लावणार नाही. ताशांच्या आवाजात शेठ ओरडून विचारतायत, अरे मशीन माझं आहे ना?

खडू सर, मला पहिला तुमचा घोडाच आठवला.

शेठला म्हटलं फोन त्याला द्या. त्याला सांगितलं फळ्यावर लिही, मला वाचून दाखव (ताई, हे तुमचं), माझं नाव टाक, आल्यावर सही करतो. त्यानी वाचलं, मी हो म्हटलं, मशीन चालू झालं. सोमवारी जाऊन आधी सही केली. मग मी नसताना सही कोणाची ते मोठ्या अक्षरात गेटजवळ लावलं, दिवसपाळीला एक नाव आणि रात्रपाळीला एक. रात्रपाळीला त्याच पोराचं टाकलंय, ज्यानी जॉ न बोअर करता चढवले होते. शेठनी विचारलं हाच का. म्हटलं आता तो परत विसरणार नाही.

तो विचारत होता ओव्हरटाइम बंद होणार का.

हजेरीपट
होऊ देऊ नका. आत्ताच जाऊन बोला शेठशी.

सॉफ्ट_जॉ
महिनाअखेर आहे ताई. एक तारखेला जातो.